सीडी रोख, सोर्स उधार?

माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर कोऱ्या सीडींचा गोल डबा अजून आहे. पन्नासातल्या अकरा शिल्लक. बाकीच्यांवर २००६-०७ च्या सुमारास लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त संगणकप्रणाली, राईट करून वाटल्या. काही कॉलेजातल्या पोरांना, काही एका शाळेच्या संगणक-खोलीला, एक शेजारच्या काकांना, त्यांचा जुना पीसी फार रखडायचा म्हणून. प्रत्येक सीडीवर मार्करनं नाव लिहायचो आणि खाली ‘फुकट आहे, वाटा’. त्या सॉफ्टवेअरचा परवाना वाचला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. वाचल्यावर कळलं, की त्या एकोणचाळीस सीडींपैकी एकही मी नियमाप्रमाणे दिलेली नव्हती.

कोणी नोटीस पाठवली नाही, पाठवणारही नव्हतं. पण आता शाळांना, वाचनालयांना, गावच्या मंडळांना पेनड्राईव्हवर मुक्त सॉफ्टवेअर द्यायचं असलं की लोक विचारतात, ‘यात काय कायद्याचं आलं, फुकटच तर आहे!’ मीही असंच म्हणायचो. म्हणून जरा बैजवार सांगतो.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेले असल्यामुळे तिकडे हा घोळ निस्तरण्यात पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. आपल्याकडे सोय आहे. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे वापरायला, उघडून बघायला, बदलायला आणि पुढे वाटायला कोणाची मनाई नाही ते. पैसे घ्यायचे की नाही हा निराळा प्रश्न. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अख्खी मुक्त संगणकप्रणाली घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये त्यांचं जे मुख्य उत्पन्न होतं, ते ईमॅक्स या मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रामच्या टेपा विकून. एक टेप दीडशे डॉलरला. नेटवर्क ज्यांच्याकडे होतं ते तेच सॉफ्टवेअर काही न देता उतरवून घेत, पण नेटवर्क होतं किती जणांकडे? पुढे त्यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं गिऱ्हाइकाच्या यंत्राप्रमाणे सगळं तयार करून देणारा पाच हजार डॉलरचा संचही विकायला ठेवला होता. म्हणजे वस्तूवर भरून, टपालानं पाठवून, वर पैसे घेऊन मुक्त सॉफ्टवेअर देणं ही या चळवळीच्या पाळण्यातली गोष्ट आहे. त्यामुळे तिच्या परवान्यात सीडी-टेपांचा विचार आधीपासून केलेला आहे, आणि तो बारकाईनं केलेला आहे.

हा परवाना म्हणजे जीपीएल, जनरल पब्लिक लायसन्स. पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी जून १९९१ ची, तिसरी २९ जून २००७ ची. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आजही फक्त दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच बरंच अडतं.

हातात दिली की जबाबदारी तुमची

प्रोग्राम दोन रूपांत असतो. माणसानं लिहिलेला, वाचता-बदलता येणारा तो सोर्स. यंत्राला कळेल असं त्याचं भाषांतर केलं की झाली बायनरी. सीडीवरून आपण चालवतो ती बायनरी. शिवलेला झगा उसवून निदान मापं तरी काढता येतात. बायनरी उसवून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून बदलण्याचं स्वातंत्र्य नुसतं कागदावर राहू नये यासाठी जीपीएलची अट अशी, की ज्याला बायनरी दिलीत त्याला तिचा सोर्स मिळाला पाहिजे. आणि तो मिळवून देण्याची जबाबदारी बायनरी देणाऱ्याची. मूळ लिहिणाऱ्याची नाही, ज्याच्या संकेतस्थळावरून तुम्ही उतरवून घेतलंत त्याचीही नाही. तुमची.

सगळ्यांची चूक होते ती इथेच. आपल्याला वाटतं आपण नुसते टपालवाले. पत्र लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा, आपण मधले. पण परवान्याच्या लेखी मधला कोणी नसतो. तुम्ही प्रत काढलीत, दुसऱ्याच्या हातात ठेवलीत, म्हणजे तुम्ही वितरक झालात. एक सीडी दिली काय आणि दहा हजार दिल्या काय.

मग सोर्स द्यायचा कसा? दुसऱ्या आवृत्तीच्या तिसऱ्या कलमात तीन रस्ते आहेत. मी ते किराणा दुकानाच्या भाषेत लक्षात ठेवले आहेत.

पहिला रोखीचा. बायनरीच्या सीडीबरोबरच सोर्सची सीडी. दिली, संपलं. त्यानंतर तुमचं कोणाला काही देणं लागत नाही. घेणाऱ्यानं ती हरवली, कपबशीखाली ठेवली, पोरांनी गच्चीवर कबुतरं हाकलायला टांगली, तरी तुमचा संबंध नाही.

दुसरा उधारीचा. सोर्स आत्ता देत नाही, पण मागाल तेव्हा देईन असं लेखी आश्वासन सीडीबरोबर द्यायचं. ही उधारी किमान तीन वर्षं चालली पाहिजे आणि त्यासाठी आकार घ्यायचा तो कोरी सीडी, ती भरण्याची मेहनत, टपाल, एवढ्या प्रत्यक्ष खर्चाच्या वर नाही. यात एक मेख आहे. हे आश्वासन सीडी घेणाऱ्यापुरतं नसतं. दुसऱ्या आवृत्तीत शब्द आहेत ‘कोणाही त्रयस्थाला’. तुमच्या मित्रानं सीडी त्याच्या मेहुण्याला दिली, मेहुण्यानं चाकणच्या कोणाला तरी, आणि त्या चाकणकरांनी तुम्हाला पत्र टाकलं, तरी सोर्स धाडावा लागेल. तिसऱ्या आवृत्तीनं हे थोडं आवळलं: ज्याच्याकडे बायनरी आहे अशा कोणालाही. शिवाय तुम्ही त्या वस्तूचे सुटे भाग किंवा मदत देत असाल, तर तीन वर्षं उलटल्यावरही ती सेवा चालू असेपर्यंत उधारी चालूच.

तिसरा रस्ता दुसऱ्याच्या उधारीची चिठ्ठी पुढे सरकवण्याचा. तुम्हाला मिळालेल्या सीडीबरोबर असं लेखी आश्वासन आलं असेल, तर त्याची नक्कल जोडून सीडी पुढे देता येते. मात्र धंदा म्हणून नाही. तिसऱ्या आवृत्तीत तर ‘कधीमधी’ अशीही मर्यादा घातली आहे.

मी त्या काळात मनाशी समजून चाललो होतो की मी तिसऱ्या रस्त्यावर आहे. मित्रांना देतोय, पैसे घेत नाही, मूळ मंडळींच्या संकेतस्थळावर सोर्स आहेच की. पण चिठ्ठी पुढे सरकवायची तर आधी चिठ्ठी मिळालेली असावी लागते. मी आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सीडी एका फाइलीत, इंटरनेटवरून उतरवली होती. डेबियनसारखे लिनक्स तयार करणारे प्रकल्प तिथे बायनरीच्या शेजारीच सोर्स ठेवतात, आणि परवाना म्हणतो की ज्या ठिकाणाहून बायनरी घेता येते त्याच ठिकाणाहून तितक्याच सहजपणे सोर्सही घेता येत असेल, तर तो दिल्यातच जमा. म्हणजे त्यांनी व्यवहार रोखीत पुरा केला होता. त्यांनी उधारी केलीच नाही, तर मी कोणाची चिठ्ठी दाखवणार? माझ्या सीडीबरोबर ना सोर्स होता, ना माझं आश्वासन, ना दुसऱ्याचं. तीनही रस्ते सोडून मी शेतातून चाललो होतो.

या गैरसमजात मी एकटा नव्हतो, एवढंच समाधान. अमेरिकेत मेपिस नावाचं एक लोकप्रिय लिनक्स वितरण, म्हणजे लिनक्सचा वापरायला तयार संच, होतं, वॉरन वुडफर्ड यांनी चालवलेलं. आधी डेबियनवर, मग उबुंटू या दुसऱ्या वितरणावर बेतलेलं. जी पॅकेजं, म्हणजे एकेका प्रोग्रामचे गठ्ठे, त्यांनी स्वतः बदलली त्यांचा सोर्स ते देत. बाकीची हजारो पॅकेजं जशीच्या तशी घेतलेली. त्यांचा सोर्स मूळ प्रकल्पांकडे आहेच, मग आपण कशाला तो पुन्हा मांडून ठेवायचा, असं त्यांना वाटलं. २००६ च्या जूनमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं त्यांना कळवलं की असं चालत नाही. न बदललेल्या पॅकेजांचा सोर्सही तुम्हीच द्यायचा. छोट्या वितरणांच्या जगात त्यावर बरीच खळबळ झाली, कारण असं करणारे डझनांनी होते. अडचण खरीच होती. पण नियमामागचं कारणही खरं आहे: मूळ प्रकल्प उद्या बंद पडला, त्यानं जुनी आवृत्ती काढून टाकली, तर तुमच्या सीडीवरच्या बायनरीचा सोर्स जगात कुठेच उरणार नाही.

लिंक छापून भागतं का

आजचा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. सीडीच्या पाकिटावर संकेतस्थळाचा पत्ता किंवा क्यूआर कोड छापला, झालं की नाही?

प्रोग्राम तिसऱ्या आवृत्तीखाली असेल तर, जवळजवळ हो. लेखी आश्वासनात ‘सोर्स अमुक सर्व्हरवरून विनामूल्य उतरवून घ्या’ असं लिहिता येतं. फक्त तो ठरलेली मुदतभर तिथे राहील याची हमी तुमची. दुसऱ्या आवृत्तीखाली असेल तर नाही. १९९१ मध्ये इंटरनेट घरोघर नव्हतं, त्यामुळे तिथे वस्तूरूप प्रत गृहीत धरली आहे: सॉफ्टवेअरच्या देवाणघेवाणीसाठी सर्रास वापरलं जाणारं माध्यम, असे शब्द आहेत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं असं, की दुसऱ्या आवृत्तीत तुम्ही सोर्स नेटवर खुशाल ठेवा, बहुतेक लोक तिथूनच घेतील. पण एखाद्यानं ‘मला टपालानंच हवा’ म्हटलं तर पाठवणं भाग आहे. आणि कर्नल फक्त दुसऱ्या आवृत्तीत असल्यामुळे लिनक्सच्या कुठल्याही सीडीवर ही कडक अट येऊन बसतेच. सीडीवरच्या हजार पॅकेजांची वर्गवारी करत बसण्यापेक्षा सगळ्या सीडीला दुसरी आवृत्ती लागू आहे असं धरून चालणं शहाणपणाचं.

माझं स्पष्ट मत आहे की हौशी माणसानं उधारीच्या वाटेला जाऊच नये. तीन वर्षं कशापासून मोजायची? सुरक्षित उत्तर म्हणजे शेवटची सीडी दिली त्या दिवसापासून. म्हणजे दर वर्षी थोड्या थोड्या सीडी वाटत राहिलात तर उधारी कायमची. दरम्यान तुमची बदली होते, घर बदलतं, ज्या हार्ड डिस्कवर सोर्स ठेवला ती एके दिवशी कटकट आवाज करून बंद पडते. कॉलेजच्या क्लबनं आश्वासन दिलं असेल तर तीन वर्षांत पोरं पास होऊन निघून जातात, आणि पत्र येतं ते विभागाच्या शिपायाकडे. कंपनीला हे परवडतं, तिथे त्यासाठी माणूस नेमलेला असतो. तुम्ही-आम्ही रोखीत मोकळं व्हावं.

‘पुरा सोर्स’ म्हणजे नक्की किती

रोखीचा रस्ता घेतला तरी एक ठेच लागतेच. सोर्स त्याच आवृत्तीचा हवा. बायनरी ४.२.१ ची आणि सोर्स ४.२.३ चा, असं चालत नाही. ऐकायला सोपं वाटतं, करायला नाही, कारण वितरणांच्या संग्रहात सुरक्षेची दुरुस्ती आली की जुनं पॅकेज जाऊन नवं येतं. तुम्ही जानेवारीत सीडी तयार केली आणि जूनमध्ये सोर्स गोळा करायला बसलात, तर निम्म्या पॅकेजांचा नेमका सोर्स नेहमीच्या ठिकाणी सापडणार नाही. डेबियननं यासाठी ‘स्नॅपशॉट’ नावाचा संग्रह ठेवला आहे. त्यात तारीख सांगून जुन्या पॅकेजांपर्यंत जाता येतं. पण माझं ऐकाल तर ज्या बैठकीत आयएसओ उतरवाल, त्याच बैठकीत सोर्सही उतरवून ठेवा. लोणचं घालताना मीठ नंतर टाकू म्हणून कोणी ठेवत नाही.

जशीच्या तशी अधिकृत सीडी वाटायची असेल तर काम फारच सोपं. डेबियन दर आवृत्तीबरोबर सोर्सच्या वेगळ्या आयएसओ फाइलीही काढतं, त्या सोबत दिल्या की झालं. तुम्ही स्वतः काही जोडून-तोडून नवी लाइव्ह सीडी, म्हणजे संगणकात न बसवता थेट चालणारी सीडी, बनवली असेल, म्हणजे मराठी कळफलक घातला, शाळेचं चित्र पडद्यावर लावलं, नको ते खेळ काढले, तर आत कोणकोणती पॅकेजं कुठल्या आवृत्तीची आहेत याची यादी काढा. उबुंटूच्या लाइव्ह सीडीत अशी यादी ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या फाइलीत तयारच असते. त्या यादीतल्या पॅकेजांपुरताच सोर्स लागतो, वितरणाच्या अख्ख्या कोठाराचा नाही.

आणि सोर्स म्हणजे नुसत्या प्रोग्रामच्या फाइली नव्हेत. तो बांधायला आणि बसवायला ज्या स्क्रिप्ट लागतात त्याही त्यात येतात. वितरणांची सोर्स पॅकेजं घेतलीत तर त्या आपोआप मिळतात. स्वतः काही बदल केले असतील तर मात्र ते बदल आणि ज्या स्क्रिप्टनं सीडी बनवली ती, दोन्ही आठवणीनं टाका. सोबत परवान्याची प्रतही हवी. तीही अटच आहे. लिनक्सच्या सीडीत ती आत असतेच. पण विंडोजवाल्यांसाठी व्हीएलसी, गिम्प, इंकस्केप अशी इन्स्टॉलरांची सीडी करणारे नेमके ती विसरतात, आणि सोर्सही विसरतात. तीही मुक्त सॉफ्टवेअरचीच सीडी आहे. नियम तेच.

संमेलनं भरवणाऱ्यांसाठी एक युक्ती सांगतो, मला ती फार आवडते. हॉलमध्ये एक संगणक ठेवा. त्यावर बायनरीचा फोल्डर आणि शेजारी सोर्सचा फोल्डर. येणाऱ्यानं आपला पेनड्राईव्ह लावायचा आणि हवं ते स्वतः उतरवून घ्यायचं. आता तुम्ही वस्तू हातात देत नाही, तर एका ठिकाणाहून प्रत काढून घ्यायची मुभा देताय, आणि सोर्स त्याच ठिकाणी तितक्याच सहज मिळतोय. अट पुरी झाली. शंभरातले नव्व्याण्णव सोर्सला हातही लावणार नाहीत. त्याला हरकत नाही. समोरच्यानं तो घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही हे परवान्यातच लिहिलं आहे. मंगल कार्यालयात दही-ताकाचं भांडं ठेवलेलं असतं तसं. ठेवणं यजमानाकडे, घेणं पाहुण्याकडे.

पैशांचं एका परिच्छेदात उरकतो. बायनरीच्या सीडीचे दहा रुपये घ्या नाहीतर दहा हजार, परवाना अडवत नाही. वर मदतीचे, हमीचे वेगळे घ्या. घेणारा मात्र तीच सीडी नक्कल करून शेजाऱ्याला फुकट देऊ शकतो, तेव्हा दहा हजारांचा धंदा फार दिवस चालायचा नाही. खर्चाची मर्यादा लागते ती एकाच जागी: सोर्स आधी न देता आश्वासनावर ठेवला असेल तेव्हा. नाहीतर ‘सोर्स हवा? या, एक कोटी ठेवा’ म्हणायला लोक मोकळे झाले असते.

छापखान्यातली एक ओळ

सीडी छापून देणाऱ्यांकडे पाकिटाचा तयार नमुना असतो. त्यावर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते: ‘या सीडीची विनापरवानगी प्रत काढणे कायद्याने गुन्हा आहे.’ हौसेनं चार रंगांत छापून घेतलेल्या लिनक्सच्या सीडीवर ही ओळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत यापेक्षा उलटी गोष्ट लिहिता येणार नाही. परवाना सांगतो की घेणाऱ्याच्या हक्कांवर तुम्ही आणखी बंधनं घालायची नाहीत. म्हणजे ती ओळ नुसती चुकीची नाही, ती स्वतःच परवान्याचा भंग आहे. छपाईची कच्ची प्रत तपासताना शुद्धलेखनाबरोबर हेही बघा.

पाकिटावरच्या नावाचाही प्रश्न असतो, पण तो कॉपीराइटचा नाही, ट्रेडमार्कचा. आतला कोड मुक्त असला तरी नाव आणि बोधचिन्ह मुक्त असतंच असं नाही. अमेरिकेत चीपबाइट्स नावाचं दुकान स्वस्तात लिनक्सच्या सीडी विकायचं. रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सच्या प्रती त्यांनी विकल्या त्या ‘पिंक टाय’ या नावानं. लाल टोपीच्या जागी गुलाबी टाय! गिऱ्हाइकांना बरोबर कळायचं. फायरफॉक्स ब्राउझरच्या नावावरून डेबियनचं तो बनवणाऱ्या मोझिलाशी जमेना, तेव्हा २००६ पासून दहा वर्षं डेबियनमध्ये तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावानं नांदला. तुम्ही सीडी जशीच्या तशी देत असाल तर मूळ नाव चालतं. आत बदल केले असतील तर त्या प्रकल्पाचं नावाविषयीचं धोरण वाचा, नाहीतर सरळ स्वतःचं नाव ठेवा. बारसं करायला कोणाला आवडत नाही?

सगळंच काही जीपीएल नसतं, हेही खरं. एमआयटी, बीएसडी जातीच्या परवान्यांना सोर्सची अट नाही, मूळ लेखकांची नावं आणि परवान्याचा मजकूर काढू नका एवढंच म्हणणं. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांच्या एमपीएल (मोझिला पब्लिक लायसन्स) या परवान्याला सोर्स कुठे मिळेल हे सांगावं लागतं. एकाच सीडीवर वेगवेगळ्या परवान्यांचे प्रोग्राम शेजारी बसले म्हणून एकाचा परवाना दुसऱ्याला चिकटत नाही. जीपीएलमध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे तुमच्या स्वतःच्या कविता त्याच सीडीवर टाकल्यात तर त्या जीपीएल होत नाहीत, काळजी नसावी. मात्र पूर्वी लोक त्याच सीडीवर फ्लॅश प्लेअर वगैरेही सढळ हातानं कोंबायचे. ते फुकट होतं, मुक्त नव्हतं. त्याच्या वाटपाला मालकाची वेगळी संमती लागायची.

मराठी मंडळींना हमखास लागणारी चीज म्हणजे फॉन्ट. लोहित देवनागरी, मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ नावाचे फॉन्ट, हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. या परवान्याची एक गंमत आहे: फॉन्ट नुसता, एकटा विकता येत नाही. पण कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर बांधून दिला तर त्या संचाचे पैसे घेता येतात. परवान्याची फाइल सोबत हवी. आणि फॉन्टमध्ये फेरफार केलेत, तर ज्या नावावर लेखकानं हक्क राखून ठेवला आहे ते नाव तुमच्या फॉन्टला देता येत नाही.

आता, पाळलं नाही तर होतं काय? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, त्यातल्या दुरुस्त्यांनंतर, संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’त धरला जातो. (आमच्या मराठीच्या मास्तरांना हे कधीच पटलं नसतं.) परवाना पाळत असाल तोवर वाटायची परवानगी, मोडलात की ती परवानगी गेली आणि तुम्ही दुसऱ्याच्या साहित्याच्या विनापरवाना प्रती वाटणारे ठरलात. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत हे आपोआप आणि तत्काळ होतं. तिसऱ्या आवृत्तीनं माणुसकी दाखवली: भंग थांबवलात आणि साठ दिवसांत हक्कधारकानं काही कळवलं नाही, तर हक्क परत मिळतात, पहिल्यांदाच चुकला असाल तर सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केलंत तरी भागतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये लिनक्स कर्नलच्या अनेक लेखकांनी आम्हीही असंच वागू असं जाहीर केलं.

प्रत्यक्षात कोर्टात खेचले गेले ते सीडीवाले नव्हेत, खोकेवाले, म्हणजे आत लिनक्स घातलेली यंत्रं विकणाऱ्या कंपन्या. २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टानं सायटकॉम कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला, २००६ मध्ये फ्रँकफुर्टच्या कोर्टात डी-लिंक हरली. दोन्ही वेळा मागे हाराल्ड वेल्टे हा जर्मन प्रोग्रामर होता. २००७ मध्ये अमेरिकेत बिझीबॉक्स या छोट्या प्रोग्रामवरून एकापाठोपाठ एक दावे पडले. यंत्राच्या पोटातली बायनरी हीसुद्धा हातात दिलेली प्रतच, सीडीसारखी. तुमच्या टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत शेवटी मुंगीच्या अक्षरात परवान्यांची पानं असतात ती त्यामुळेच. एकदा काढून वाचा. त्यात बहुधा तीन वर्षांच्या उधारीची ओळ सापडेल.

मी स्वतः आता सीडी देत नाही, कारण घेणाऱ्याकडे ती घालायला जागा नसते. गेल्या उन्हाळ्यात एका शाळेला पेनड्राईव्ह दिला, त्यात दोन फोल्डर: ‘वापरायचं’ आणि ‘सोर्स’. वर परवान्यांच्या फाइली. सरांनी लगेच लावून बघितला. दुसरा फोल्डर उघडला, आत हजारभर गुंडाळलेल्या फाइली पाहिल्या, आणि विचारलं, ‘हे उडवलं तर चालेल का? जागा फार खातंय.’

‘चालेल की,’ मी म्हटलं.

त्यांनी फोल्डरवर बोट ठेवलं, मग थांबले. ‘नाही म्हणजे, असाच एक शेजारच्या शाळेलाही करून द्यायचाय.’

‘मग राहू द्या.’